एकवीस पत्री आणि बिनपानांचा डोंगर

ऑपरेशन होऊन चार महिने झाले तरी आमचे हे पलंग सोडायला तयार नव्हते. म्हणजे उतरायचे, पण बाथरूमपर्यंत, आणि तेही भिंतीला हात लावत. हृदयाची बायपास झाली होती आणि ती उत्तम झाली होती. इंदूरच्या तुकोगंजातले डॉक्टर दर वेळी कागद बघून म्हणायचे, "काका, दिल एकदम फर्स्ट क्लास है. अब इसको चलाओ. रोज़ दो किलोमीटर." हे मान डोलवायचे, घरी यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. आजारपणाआधी हाच माणूस सकाळी पोहे आणायला म्हणून निघायचा, तीन ठिकाणी पोहे खायचा, सहा जणांशी राजकारणावरून वाद घालायचा आणि दोन तासांनी पोहे न आणताच परत यायचा. आता ते खिडकीशी बसून स्नेहलतागंजातली गल्ली बघत आणि मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत. मोजताना मी काही बोलले तर हात वर करून मला गप्प करत आणि पहिल्यापासून मोजायला लागत.

मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. देवापुढे दिवा रोज लावत होते, पण तो सवयीनं. देव आणि मी एकमेकांच्या कामात फारसे पडत नव्हतो. त्यामुळे ह्यांच्या या बसून राहण्यावर मी सगळे शास्त्रीय उपाय करून पाहिले. रक्ताभिसरणाची आकृती काढून दाखवली, रागावले, रडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा तर ह्यांना फायदाच झाला, नाडी शांतपणे मोजता आली. मनातून मात्र मी हादरले होते. जिवंत परत आणलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत पलंगावर संपत चालला होता.

शेवटी एका दुपारी मी फारच बोलले, तेव्हा ह्यांनी पांघरुणाच्या आतून कबुली दिली. "अगं, मी नवस बोललोय. तो फेडल्याशिवाय चाललो-फिरलो तर गडबड होऊन जाईल."

चौकशीतून निघालं ते असं. दवाखान्यात शेजारच्या पलंगावर राठीजी नावाचे कापडाचे व्यापारी होते, मूळचे मारवाडातले. त्यांचंही तेच ऑपरेशन व्हायचं होतं, पण ते बिनघोर होते, कारण त्यांनी सगळं त्यांच्या गावाकडच्या डूंगरवाल्या माताजींवर सोपवलं होतं. ह्यांना त्या बिनघोरपणाचा मोह पडला. मी विचारलं, आपली कुलदेवी काय वाईट होती? तर म्हणाले, "तिच्याकडे तीन वर्षं गेलो नाही ना आपण. ऐन वेळेला कुठल्या तोंडानं मागणार? या माताजी नवीन होत्या. त्यांना माझं मागचं काही माहीत नव्हतं."

"आणि बोललात काय?"

"एकवीस पत्री वाहीन म्हणालो."

"अहो, पत्री गणपतीला वाहतात!"

"ते मला पण माहीत आहे. पण स्ट्रेचर चालू होऊन गेलं होतं, दुसरं काही सुचलंच नाही."

मी राठीजींना फोन लावला. ते ठणठणीत होते आणि दुकानात बसले होते. त्यांनी पत्ता सांगितला. जोधपूरपर्यंत रेल्वे, तिथून पुढे जीपनं अर्धा दिवस, आणि वाळूच्या मधोमध आठ-दहा डोंगरांची छोटीशी रांग. मी पत्रीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पत्ती? वहाँ? चलो भाभीजी, माताजी देख लेंगी." मला तिथेच शंका यायला हवी होती.

पत्री आपल्याकडे कशी गोळा करतात हे निराळं सांगायला नको. पहाटे पिशवी घेऊन निघायचं आणि दुसऱ्यांच्या कुंपणावरून हात घालायचा. देवासाठी असल्यामुळे याला कोणी चोरी म्हणत नाही, फक्त कोणी बघत नाही ना एवढं बघायचं असतं. हे काम घरात ह्यांचं होतं, ते आता माझ्यावर आलं. दूर्वा, आघाडा, बेल, कण्हेर, धोतरा, रुई, डाळिंब असं करत करत मी वीसपर्यंत पोहोचले. देवदार काही इंदूरात मिळेना, म्हणून एका बंगल्यातल्या शोभेच्या झाडाची टोकदार फांदी तोडली आणि जीवशास्त्राची क्षमा मागितली. सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलं. रेल्वेत हे ती पेटी उशाशी घेऊन झोपले. वरच्या बर्थवरच्या बाईंनी आदरानं विचारलं, "किडनी है क्या?" हे म्हणाले, "नहीं जी, पत्ती है." त्या बाई नंतर आमच्याशी बोलल्या नाहीत.

फाल्गुन लागला होता. जोधपूरहून मध्यरात्री निघालेली जीप वाळूतून बराच वेळ गेली आणि सकाळी समोर ते डोंगर आले. काळपट-लालसर दगडांचे, ठेंगणे, कोणी आणून ठेवावेत तसे. मी खरं सांगते, त्या क्षणी नवस, नवरा, पेटी सगळं विसरले. तीस वर्षं मी फळ्यावर वाळवंटातली झाडं काढत आले होते. पानांचे काटे होतात, खोड हिरवं होऊन पानांचं काम करतं, मुळं खोल जातात, पाच गुणांचा प्रश्न. पण त्यातलं एकही झाड मी जागेवर उभं असलेलं पाहिलं नव्हतं. इथे ती सगळी उभी होती. पायथ्याच्या वाळूत फोगाची करडी जाळी. दगडांवर थोराचे हिरवे काटेरी खांब, शंभर शंभर एकत्र. खोडावरून कागदासारखी साल सुटलेला गुगळ. केराच्या झुडपाला एक पान नाही, नुसत्या हिरव्या काड्या आणि त्यांवर लाल फुलं. आणि वर कड्याच्या काठावर रोहिडा, नारिंगी फुलांनी भरलेला. मी एकेकाचं नाव घेत जीपमधून उतरले. हे जीपमधूनच म्हणाले, "नावं नंतर. आधी सावली बघ."

देऊळ म्हणजे एका झुकलेल्या खडकाखालची जागा होती. पुजारी नव्हता. धापूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई सगळं बघत होत्या. लाल ओढणी, हातात काठी, भोवती बकऱ्या. डोंगराच्या माथ्यापासून ते वाळू सुरू होईपर्यंतची सगळी जमीन माताजींची, तिला तिकडे ओरण म्हणतात, हे त्यांनी आम्हाला पाणी देता देता सांगितलं. ह्यांनी पेटी उघडली आणि मोठ्या भक्तिभावानं पुढे सरकवली. धापूबाईंनी आत डोकावून विचारलं, "आपै गिर्या, कै थे तोड़्या?"

आपोआप पडलेली आहेत की तुम्ही तोडलीत, असं त्या विचारत होत्या. मी शिक्षिकेच्या अभिमानानं सांगितलं, "तोड़े हैं. एकदम ताज़े." हे जात्याच प्रामाणिक, त्यांनी भर घातली, "और किसी को पूछा भी नहीं था."

धापूबाईंचा चेहरा पाहून मला माझ्या मुख्याध्यापिका आठवल्या. ओरणात कोणी डहाळी मोडत नाही, त्यांच्या आजीच्या आजीनंही मोडली नव्हती, आणि तोडलेलं पान माताजी घेत नाहीत, मग ते कुठूनही आणा. एवढं सांगून त्यांनी पेटी उचलली आणि बकऱ्यांपुढे पालथी केली. मी ओरडत धावले आणि कण्हेर, धोतरा, रुई असं विषारी होतं तेवढं बकऱ्यांच्या तोंडातून ओढून काढलं. बाकीची पत्री दोन मिनिटांत संपली. त्या शोभेच्या फांदीलासुद्धा एका बोकडानं न्याय दिला.

हे दगडावर बसले आणि मनगट धरलं. "झालं. नवस मोडला. आता मी काही इंदूरला पोहोचत नाही." त्यांचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता आणि मला त्यांचा राग आणि कीव एकदमच आली. मी धापूबाईंपुढे हात जोडले. नुसते शिष्टाचाराचे नव्हे, मनापासून जोडले. म्हटलं, काहीतरी मार्ग सांगा, हा माणूस भीतीनंच जाईल.

त्या सहज म्हणाल्या, "गिरै जिको माताजी रो. चुग लो." जे आपोआप गळतं ते माताजींनी दिलेलं, ते वेचून घ्या. एकवीस म्हणालात ना, मग एकवीस झाडांखालचं वेचा. मी लगेच पदर खोचून वाकले, तर त्यांनी काठी आडवी धरली. "थे नीं, बाईसा. जिण बोल्यो, वो चुगै."

ज्यानं नवस बोलला त्यानं वेचायचं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी डोंगराकडे पाहिलं. मग मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही निघालो.

पहिलं पान सोपं गेलं. देवळाजवळ कडुनिंब होता आणि पिवळ्या पानांचा सडा पडला होता. दुसरं बोरीचं. तिसऱ्या झाडाला तिकडे खेजडी म्हणतात. मी म्हटलं, "अहो, ही आपली शमी." हे थबकले. "आपली? दसऱ्याची?" आणि परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यावर फुलतो तसा त्यांचा चेहरा फुलला. खेजडीला हात लावून म्हणाले, "भिया, तुम्ही इथे कुठे?" चार महिन्यांनी ह्यांनी केलेला तो पहिला विनोद होता, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं हसले.

अडचण आली केरापाशी. ज्याला पानच नाही त्याचं गळलेलं पान कुठून आणणार? हे चष्मा लावून झुडपाखाली उकिडवे बसले आणि वाळू चिवडू लागले. मी व्याख्यान सुरू केलं, की कोवळ्या फांदीवर अगदी बारीक पान येतं आणि लगेच झडतं. धापूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खाली पडलेली एक वाळकी काडी दाखवली. "इण रो पत्तो ओ ही है." याचं पान म्हणजे हेच. केराचं खोडच पानाचं काम करतं हे शिकवायला मला दोन तास आणि एक रंगीत तक्ता लागायचा.

दुपारपर्यंत अकरा झाली. धापूबाईंनी बाजरीची भाकरी, ताक आणि केर-सांगरीची भाजी वाढली. हे दोन भाकऱ्या खाऊन तिसरीकडे बघू लागले आणि नाडी मोजायचं विसरले. मी आठवण करून दिली नाही. नंतर आम्ही उतारावर चढलो. कुमट, गुगळ, हिंगणबेट, गांगेटी. एकेका झाडाखाली हे वाकत, पान उचलत, फुंकर मारून रुमालात ठेवत आणि आकडा मोठ्यानं म्हणत. माझं तोंडही चालू होतं. डावा पाय इकडे, हळू, त्या दगडावर नको, श्वास घ्या, थांबा जरा. एका हातानं मी त्यांचा दंड धरला होता तो सकाळपासून सोडला नव्हता.

धापूबाई मागून चालत होत्या. त्यांनी हसून विचारलं, "बाईसा, थे इणने चालण कद देसो?"

तुम्ही यांना चालू कधी देणार? त्यांनी ते चेष्टेत म्हटलं, पण मला ते फार लागलं. चार महिने मी चाला चाला म्हणून ह्यांच्या मागे लागले होते, आणि हे उठले रे उठले की मीच स्वयंपाकघरातून धावत जाऊन दंड धरत होते. ह्यांना जिन्यात उतरू दिलं नव्हतं. बाथरूमची कडी लावू दिली नव्हती. ह्यांच्या भीतीची मी खूप टिंगल केली, पण आमच्या दोघांत जास्त घाबरलेली मी होते. ऑपरेशन थिएटरच्या दारातून त्यांना आत नेलं तेव्हा त्यांचा हात सोडावा लागला होता, आणि पुन्हा कधी सोडायचा नाही असं मी कोणालाही न सांगता ठरवून टाकलं होतं. विज्ञानात याला काही आधार नाही हे मला माहीत होतं.

चार वाजेपर्यंत वीस झाली. एकविसावं अडलं. जवळपास आता फक्त जाळ उरली होती, म्हणजे पीलूचं झाड. जाड हिरवी पानं अगदी गच्च होती आणि खाली एकही नव्हतं, पडेल ते बकऱ्या फस्त करत. वारा नव्हता. धापूबाई म्हणाल्या, बसा, द्यायचं असेल तेव्हा माताजी देतील. हे झाडाखाली मांडी घालून बसले आणि वर बघत राहिले. अर्धा तास गेला. मला परतीची जीप दिसू लागली, अर्धवट नवस घेऊन परत पलंगावर चढणारे हे दिसू लागले. मी आसपास बघून येते असं सांगून एका मोठ्या खडकामागे गेले. तिथे दुसरी जाळ होती.

आता कबुली देते. मी ते पान तोडणार होते. एक पान तोडायचं, मातीत घोळायचं आणि सापडलं म्हणून सांगायचं. तीस वर्षं कॉपी पकडणाऱ्या बाईनं हे ठरवलं. मी फांदीखाली शिरले आणि हात वर केला. ज्या देवीवर माझा विश्वासही नव्हता ती बघते आहे असं मला वाटलं, आणि मी हात मागे घेतला. आणि तेवढ्यात वरून हाक आली, "अगं ए! इकडे बघ! वर, वर!"

हे कड्यावर उभे होते. एकटे. जिथे बोकडसुद्धा विचार करून जाईल अशा दगडावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मी गर्रकन वळले, फांदीत केस अडकले, ते हिसकून सोडवले आणि वर धावले. वयाच्या साठीत जेवढं धावता येतं तेवढं धावले. दहा-बारा पावलांवर पाय घसरला आणि मी थोराच्या बेटाला वीतभर चुकवून बदकन बसले. श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, उठता येईना. आणि हे कड्यावरून टुणटुण उतरत आले, हात पुढे केला आणि मला ओढून उभं केलं. शिवाय मलाच म्हणाले, "हळू. श्वास घे. टेन्शन नको घेऊ."

मी धापा टाकत विचारलं, "पान मिळालं?"

"कुठलं पान?" हे म्हणाले. "अगं, तो रोहिडा खालून इतका सुंदर दिसत होता, म्हटलं जवळून बघून येऊ. वरून काय दिसतं माहीत आहे? सगळी वाळू, आणि पार तिकडे..." मग त्यांनी जीभ चावली. "अरे यार. नवस. विसरूनच गेलो."

मी तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. हसतही होते बहुतेक, कारण ह्यांना काय करावं ते कळेना आणि ते माझी नाडी बघू लागले.

धापूबाई काठी टेकत वर आल्या. त्यांनी माझ्या अंबाड्याकडे पाहिलं, हात घातला आणि पीलूचं एक पान काढून ह्यांच्या रुमालात ठेवलं. "इक्कीस," म्हणाल्या.

माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मी तोडायलाच गेले होते, हात वर केला होता, हे पान माझ्या धांदलीत तुटलं की आधीच सुटलेलं होतं ते मला सांगता येत नाही. आजही येत नाही. धापूबाईंनी माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून पाहिले, लहान मुलांचे हात जेवणाआधी बघतात तसे. मग म्हणाल्या, "तोड़ण वाळा हाथ तो खाली है, बाईसा. पत्तो माताजी रो." तोडणारा हात तर रिकामा आहे, पान माताजींचं.

उन्हं कलताना ह्यांनी खडकाखाली बसून एकवीस पत्री वाहिली. मी मागे उभी होते. हे पुढे वाकले तेव्हा माझा हात सवयीनं त्यांच्या दंडाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तो हात कुठे ठेवावा हे न कळून मी दुसऱ्या हाताला जोडला. मागायचं काही सुचलं नाही. एवढंच वाटलं की इतके महिने मी एकटीनं उचलून धरलं होतं ते खाली ठेवलं, आणि ते पडलं नाही. मी फार रडले आणि फार हलकी झाले.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. विद्यार्थ्यांनी विचारलं तर मी फांदी झटकल्यावर पान का सुटतं ते देठापासून समजावून सांगेन, आणि ते खरंच असेल. पण त्या दिवशी वारा नव्हता, मला पान हवं होतं, आणि ते मी हात मागे घेतल्यावर आलं. त्या माऊलीनं अनोळखी माणसाचा चुकीचा नवस चालवून घेतला आणि त्याच्या बायकोची लबाडीसुद्धा पदरात घेतली. तिचे उपकार मी कसे मोजू?

आता हे रोज सकाळी सहाला बाहेर पडतात. दोन किलोमीटरला आमच्याकडे अडीच तास लागतात आणि त्यातले पोहे किती, वाद किती, हे मी विचारत नाही. पहिले काही दिवस जिन्यातली पावलं विरेपर्यंत मी दाराशी खिळून राहायचे. अजूनही मी त्यांना दारापर्यंत सोडायला जाते. मग मी दार लावते आणि त्या डोंगराच्या दिशेनं म्हणते, "निघालेत गं. बघ." आणि कुकर लावायला आत जाते.